ओली चड्डी आणि दर्शनी भाग

आमच्या जुन्या वसतिगृहाचा कायापालट झाला. आमंत्रणपत्रिकेवर नव्या इमारतीचं संगणकावर काढलेलं चित्र होतं, ते मी भिंग लावून पाहिलं. निळंशार आभाळ, हिरवळ, स्केटबोर्डवरचा एक मुलगा, हातात फुगा घेतलेली एक मुलगी आणि एक गुबगुबीत विलायती कुत्रा. मुलांच्या वसतिगृहात फुगेवाली मुलगी आली कुठून, ते गृहपालांनी बघावं. मी शोधत होतो ती दोरी. कपडे वाळत घालायची. एकशे वीस मुलांची इमारत, आणि अख्ख्या चित्रात एक ओली चड्डी नाही.

वास्तुविशारद भाषणात म्हणाले, ही इमारत आता श्वास घेते. पूर्वी ती गळायची. गळते अजूनही, कारण गच्चीचा जुना कोबा उखडून नवा घालायचा, उतार नीट काढायचा, वर चायना मोझॅक बसवायचं, ही कामं फोटोत येत नाहीत. त्याऐवजी वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग आलं. पाणी पूर्वी थेट बादलीत पडायचं. आता आधी वर साठतं, विचार करतं आणि मग गादीवर पडतं.

पण मुद्दा चड्डीचा. दर्शनी भागावर तळापासून माथ्यापर्यंत ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. माहितीपत्रकात त्यांना 'ऊन-सावलीचा संवाद' म्हटलंय. मुलांनी त्या पट्ट्या पाहिल्या. हात पुरेल इतक्या अंतरावर, मधून वारा, समोरून दुपारचं ऊन. तिसऱ्या दिवशी संवादात बनियन सामील झाले, चौथ्या दिवशी टॉवेल, आणि रविवारी दर्शनी भाग दिसेनासाच झाला. कपडे वाळत घालण्यासाठी याहून उत्तम रचना मी पाहिलेली नाही. वास्तुविशारदांनी हे आपलं यश मानायला हरकत नव्हती. त्याऐवजी सूचना लागली: 'दर्शनी भागावर अंतर्वस्त्रे आढळल्यास शंभर रुपये दंड.' त्यावर एका मुलाने लेखी विचारलं की बनियन अंतर्वस्त्रात मोडतो का. उत्तर आलेलं नाही. आमच्या वेळी निदान ट्यूबलाइटचा चोक तापायचा, त्यावर रात्रभरात दोन मोजे वाळत. साठचा बल्ब तर देवासारखा. त्याच्याभोवती बनियन धरला की सकाळी कडक. आता सगळीकडे एलईडी. उजेड भरपूर, ऊब नाही. राहता राहिला पंखा, तर त्याच्या पात्याला बांधलेली चड्डी पहाटे सुटून खालच्या झोपलेल्या मुलाच्या तोंडावर येते, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

हसू येतंय? दमट चड्डी घालून परीक्षेला बसलेल्या पोराला विचारा. चार महिने पाऊस, खोलीत तीन खाटा, आणि जांघेत नायटा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डॉक्टरला न विचारता आणलेलं स्टेरॉइड घातलेलं मलम तिघांत फिरतं. त्याने नायटा आधी दबतो आणि मग आणखी पसरतो. ही पोरं गावाकडून येतात, दोन जोडांवर वर्ष काढतात. त्यांच्या कपड्यांची तुम्हाला लाज वाटते? ते वाळवायचे कुठे, हा प्रश्न तुमच्या एकाही नकाशात नाही, एकाही बैठकीत नाही. मात्र तळमजल्यावर 'विचारमंथन कट्टा' आहे, लाल रंगाचा, उशा ठेवलेला.

आणि पट्ट्यांच्या मागे काय आहे, हेही एकदा ठेकेदाराला विचारा. तिथे चकचकीत पत्र्यांचं आवरण आहे. पत्र्याच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक भरलंय की न पेटणारं काही, हे बाहेरून कळत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला असंच नवं रूप दिलं होतं, ते काम 2016 मध्ये पुरं झालं. 14 जून 2017 ला मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजमधून आग लागली, आवरणातल्या पॉलिएथिलीनने ती वर चढवली, आणि 72 माणसं गेली. जुनी इमारत दिसायला बरी व्हावी, हाही त्या आवरणाचा एक हेतू होता. आमच्याकडे पत्र्यांचा रंग तीन बैठकांत ठरला. आत काय आहे, हे मी दोघांना विचारलं. दोघांनीही 'इंपोर्टेड' असं उत्तर दिलं.

आता शेवटचं. गच्चीवर दोऱ्या बांधायचे लोखंडी खांब आहेत, सोळा, जुन्या काळचे, पक्के. ऊन तिथे दिवसभर. मी स्वतः तिथे तीन वर्षं कपडे वाळवले आहेत. पण गच्चीच्या दाराला कुलूप आहे. आग लागली तरी पोरांनी तिथवर जाऊन ते कुलूपच बघायचं.

गृहपालसाहेब, किल्ली द्या. दोरी मी आणतो.