नमनाला घडाभर भुसा

आमच्या मित्राला देवघरातल्या तसबिरीसाठी चौकट करायची होती. चार पट्ट्या, आठ काप, सगळे ४५ अंशांचे. त्यासाठी १० इंची पात्याचा स्लायडिंग मायटर सॉ आला. मग सॉला बसायला ओटा हवा. गेले आठ महिने ओटाच चालू आहे.

तत्त्व साधं: यंत्राचा तळ आणि दोन्ही बाजूंचे पंख एका पातळीत हवेत, म्हणजे लांब पट्टी लोंबत नाही. पंख जरा वर राहिला की काप बिघडला. हे कळेपर्यंत १८ मिमी प्लायच्या तीन शीट संपल्या. मग साक्षात्कार झाला, की सॉचे दांडे मागे सरकतात आणि मागे भिंत आहे. ओटा फूटभर पुढे आला, स्कूटर पावसात गेली. भुशासाठी व्हॅक्यूम जोडला. तरी निम्मा भुसा वहिनींच्या पापडांवर.

गंमत म्हणजे, ८ बाय ४ ची अख्खी शीट या यंत्रावर कापताच येत नाही. त्यासाठी मिस्त्रींना बोलवावं लागलं. त्यांनी चहा येईपर्यंत पट्टी पायाखाली दाबून, गुण्या लावून, हातकरवतीने चौकटही कापून दिली.

मित्राने ती ओट्यावर ठेवली आहे. स्टॉप ब्लॉक कुठे बसवायचा, हे ठरवायला बरी पडते म्हणाला.