छत्तीसचा आकडा

सोयरीक जुळवताना मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी करणारे आमचे अण्णा गोळ्यांच्या बाबतीत मात्र भलतेच उदार. पोटात गेल्यावर त्यांचं त्या बघून घेतील, हे धोरण.

कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन हृदयवाल्या डॉक्टरांची. जांघेतल्या गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल कोपऱ्यावरच्या केमिस्टची. त्यानं नाव छापलेलं टोक स्वतःकडे ठेवून स्ट्रिप कापून दिली, त्यामुळे अण्णांच्या लेखी ती नुसतीच ‘खाजेची गोळी’. हृदयवाल्यांना सांगितलं का? ‘‘छे! त्यांचा काय संबंध?’’

संबंध यकृतात लागतो. अटोर्वास्टॅटिनचा निचरा करणारं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवून धरतं. क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करतं. मग रोजचीच गोळी रक्तात साचते आणि स्नायूंवर उठते. मांड्या-पोटऱ्या दुखतात, फारच झालं तर स्नायूंच्या पेशी फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं बसतात. 2001 साली बायरला सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घ्यावी लागली ती याच दुखण्यापायी. दगावलेल्यांपैकी बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल घेत होते, आणि तीही कोलेस्टेरॉलवाल्यांनाच देतात.

अण्णांच्या मांड्या भरून आल्या. बागेतल्या कट्ट्यानं एकमतानं वात ठरवला. एकानं मुलानं अमेरिकेहून पाठवलेल्या, लाल यीस्टवर आंबवलेल्या तांदळाच्या कॅप्सूल काढून दिल्या. ‘‘रसायनांचा मारा कमी करा हो, हे नैसर्गिक आहे.’’ त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे साक्षात लोव्हास्टॅटिन. थोडक्यात, थोरली स्टॅटिन नांदत असताना अण्णांनी धाकटीही घरात घेतली.

पथ्य मात्र कडक. स्टॅटिनवर ग्रेपफ्रूट चालत नाही हे पेपरात वाचल्यापासून त्यांनी ते तोंडात घातलेलं नाही. त्याआधीही घातलं नव्हतं; आमच्या मंडईत ते मिळत नाही.

अखेर सूनबाईंनी डबा टेबलावर उपडा केला, उरलेल्या स्ट्रिपा घेऊन केमिस्टकडून नावं वदवून घेतली आणि सगळ्याचा फोटो डॉक्टरांना धाडला. दोन मिनिटांत फोन: खाजेची गोळी आणि तांदूळ आजच बंद, रक्त तपासा, लघवीचा रंग बघत राहा. खाजेसाठी मलम मिळालं.

अण्णांना हळहळ एकाच गोष्टीची. उरलेल्या कॅप्सूल चांगल्या महागाच्या होत्या. टाकवेनात, म्हणून शेजारच्या नानांना देऊन आले. नानांनाही खाज आहे.

आणि सिमव्हास्टॅटिन चालू आहे.