कोरड्या झाडाची हौस

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर ‘निसर्गचित्र काढा’ असं लिहिलं की महाराष्ट्रातली सगळी मुलं एकाच गावाला जातात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीत अर्धा उगवलेला सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या कडेपर्यंत आलेली नदी, कौलारू घर आणि घराला टेकून एक नारळ. जत, आटपाडी, दहिवडीकडची मुलंही याच गावाला जातात. त्यातल्या कित्येकांनी नारळ फक्त देवळात फुटताना पाहिलेला असतो. वर्गाच्या खिडकीबाहेर बाभूळ उभी असते, तिच्या विरळ सावलीत मास्तरांची फटफटी असते. पण कागदावर ना बाभूळ येते, ना फटफटी.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. नारळ सोपा. एक वाकडी रेघ आणि वर पाच-सहा फटकारे, की झालं. बाभळीची फांदी दर वितीला विचार बदलते. पानं इतकी बारीक की काढायला जावं तर जमत नाहीत, आणि सोडून द्यावीत तर झाड वठल्यासारखं दिसतं. शिवाय झाड कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, हे बाभूळ कुणाला नीट सांगत नाही.

आपले मोठे चित्रकारही पाण्याच्या बाजूचेच. आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी रमले. पुढच्या पिढ्यांनी नाशिकचा गोदाघाट आणि वाईजवळचा मेणवलीचा घाट इतका रंगवला, की त्या पायऱ्यांना आता पोझ द्यायची सवय झाली असावी. जलरंगात पाणी रंगवणं सोयीचंही असतं. निम्मं काम ओला कागद परस्पर करून टाकतो. निष्पर्ण झाडाला असली मदत मिळत नाही. ब्रश फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि आडवा धरून कागदाच्या खरखरीवरून ओढायचा, मग खोडाची साल उमटते. डहाळ्यांसाठी लांब केसांचा बारीक रिगर ब्रश. नवशिक्यांची अडचण ठरलेली: फांदी टोकाकडे निमुळती व्हायचं विसरते, आणि झाडाचा पहिलवान होतो.

छायाचित्रकारांची तऱ्हा उलटी. पानांनी गच्च भरलेल्या आंब्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. फार तर मोहराचा, नाहीतर कैरीचा. पण एखादं झाड पानं टाकून उभं राहिलं की त्याला एकदम व्यक्तिमत्त्व येतं. उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांत भेगाळलेली जमीन आणि बोडकं झाड अशी जोडी हजर होते. दुष्काळ खरा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्या भेगा बऱ्याचदा आटलेल्या तलावाच्या गाळाला पडलेल्या असतात. मुरमाड माळावर कोरड त्याहून जुनी. मात्र मुरमाला भेगा पडत नाहीत, म्हणून त्याचा फोटो छापून येत नाही. आणि झाडाचं म्हणाल, तर ते बहुधा ठणठणीत असतं. पळस, काटेसावर, कांडोळ ही मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं उतरवून ठेवतात, कारण पानांवाटे जाणारं पाणी वाचवायचं असतं. पळस आणि सावर तर त्याच अवस्थेत फुलायला बसतात. कांडोळाची साल पांढुरकी, गुळगुळीत. चांदण्या रात्री ती अशी उजळते की त्याला भुताचं झाड म्हणतात. पावसाळ्यात हेच भूत पानांनी भरून जातं आणि कुणी घाबरत नाही. याउलट बाभूळ आणि कडुनिंब भर वैशाखातही हिरवे. त्यामुळे खुद्द दुष्काळी भागात राहूनही त्यांना दुष्काळाच्या फोटोत काम मिळत नाही.

वाळलेल्या झाडाने कसं दिसावं, याचा जागतिक नमुना नामिबियात आहे. डेडव्ले नावाची पांढऱ्या चिकणमातीची सपाटी, भोवती शेंदरी वाळूचे डोंगर, त्यातला एक तर सुमारे 325 मीटर उंच. आणि मध्ये बाभळीच्याच भाऊबंदकीतली काही झाडं, उन्हाने काळीठिक्कर पडलेली. एके काळी त्साउखाब नदीच्या पुराचं पाणी इथवर येई. पुढे हवा कोरडी होत गेली, वाळूने नदीची वाट अडवली आणि झाडं मेली. याला 600-700 वर्षं झाली असावीत. म्हणजे नामदेवांच्या काळाच्या आगेमागे. तेव्हापासून ती उभीच आहेत, कारण कुजायलासुद्धा थोडा ओलावा लागतो आणि तिथे तेवढाही नाही.

फ्रान्स लँटिंग या छायाचित्रकाराने टिपलेला तिथला एक फोटो 2011 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने छापला, तेव्हा हा फोटो नसून चित्र आहे असं अनेकांना वाटलं. मागे सपाट नारिंगी पडदा, त्यावर पांढरे ठिपके, पुढे काळी झाडं आणि खाली निळसर जमीन. प्रत्यक्षात पडदा म्हणजे सकाळच्या उन्हात न्हालेला वाळूचा डोंगर, ठिपके म्हणजे त्यावरचं गवत. जमिनीवर अजून ऊन पोचलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर आभाळाची निळाई उतरली होती. सगळं खरं, आणि तरीही खोटं वाटणारं. हा फोटो मलाही आवडतो. फक्त एक गोष्ट खटकते: तो पाहून कुणालाही पाण्याची आठवण होत नाही, आणि ती झाडं तर पाण्याअभावीच मेली.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत सेंटिनेल डोम नावाच्या ग्रॅनाइटच्या घुमटावर जेफ्री पाइन जातीचं एक झाड होतं, वाऱ्याने पार आडवं वाकवलेलं. 1940 मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी त्याचा फोटो काढला आणि झाडाचं नाव झालं. 1976-77 च्या अवर्षणात ते सुकू लागलं, तेव्हा लोकांनी वर पाणी वाहून नेऊन ते जगवायचा प्रयत्न केला. टँकर मंजूर व्हायला ओळख लागते, हे तिथेही खरं ठरलं. पण उपयोग झाला नाही. वठलेलं झाड पुढे 2003 पर्यंत उभं राहिलं आणि लोक त्याचे फोटो काढतच राहिले. बहुधा आधीपेक्षा जास्त हौसेने.

एकटेपणात मात्र नायजरमधल्या तेनेरेच्या झाडाचा हात कुणी धरणार नाही. सहाराच्या त्या भागात शेकडो किलोमीटरांत दुसरं झाड नव्हतं, म्हणून नकाशांवर गावांची नावं असतात तसं हे झाड दाखवलेलं असे. तेही बाभळीच्याच कुळातलं. फोटोत ते अगदी निराधार दिसतं. पण 1938-39 मध्ये शेजारी विहीर खणली, तेव्हा त्याची मुळं तीस मीटरांहून अधिक खोल, थेट भूजलाला भिडलेली सापडली. बिल्माहून मीठ घेऊन जाणारे तुआरेग तांडे त्याच्या आसऱ्याला थांबत. आणि शेकडो उंट जवळून जात असूनही त्याचा पाला ओरबाडला जात नसे, चहा उकळायला कुणी त्याची फांदी तोडत नसे. कुणी पाटी लावली नव्हती, सगळ्यांनी आपणहून पाळलेला नेम होता. ज्याला आपण एकटं म्हणतो, त्या झाडाचा गोतावळा कुठल्याही सोसायटीपेक्षा मोठा होता आणि वागायलाही बरा. मग ट्रक आले. 1973 मध्ये एका ट्रकचालकाने ते झाड पाडलं. अफाट मोकळ्या वाळवंटात एकच झाड आणि ट्रक नेमका त्यालाच धडकला. मोकळ्या मैदानात सायकल शिकताना तिथल्या एकमेव खांबावर जाऊन आदळलेल्या कुणालाही हे सहज पटेल. खोडाचे अवशेष आता नियामेच्या संग्रहालयात आहेत. वाळवंटात त्या जागी लोखंडी झाड उभं केलंय. लोखंडी झाडाला पाणी लागत नाही, आणि फोटो त्याचाही निघतो.

कोरडी जमीन घरासारखी रंगवणारा चित्रकार पाहायचा असेल, तर मी ऑस्ट्रेलियाच्या अल्बर्ट नामाटजिराचं नाव घेईन. जन्म 1902 चा, अरेर्न्टे या आदिवासी समाजातला. 1936 मध्ये रेक्स बॅटरबी हा चित्रकार रंगवण्यासाठी तिकडे भटकत होता. नामाटजिराने त्याचे उंट सांभाळले आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. पुढे शिष्याचं नाव गुरूपेक्षा मोठं झालं. त्याच्या चित्रांत जांभळे डोंगर असतात, लाल जमीन असते आणि पुढ्यात पांढऱ्या खोडाचा घोस्ट गम, भर उन्हात ताजातवाना. त्या चित्रांत मला तरी कुठे ओसाडी सापडली नाही. काही समीक्षकांना ही नुसती गोऱ्यांची नक्कल वाटली. मला वाटतं, त्यांनी रंगवण्याची पद्धत पाहिली आणि जागा पाहिली नाही. तो त्याच्या बापजाद्यांचा मुलूख होता. कुठला डोंगर कुणाचा आणि कुठल्या झाडाशी थांबायचं, हे तो रंगवायला शिकण्याच्या कितीतरी आधी शिकला होता.

जागा ओळखणारा झाडात काय पाहतो, याचा पडताळा मला माणदेशात आला. एका फोटोग्राफर मित्राबरोबर माळावरून जात होतो. उतारावर एकच बाभूळ, मागे पिवळं गवत आणि वर पांढरट आभाळ. मित्राने गाडी थांबवली, तिवई लावली, लेन्स बदलली. अडचण एवढीच होती की झाडाखाली शेळ्या होत्या आणि त्यांचा मालक आकडीने फांद्या ओढून शेंगा पाडत होता. मित्र अदबीने म्हणाला, “मामा, जरा शेळ्या बाजूला घेता का? झाडाचा फोटो काढायचाय.”

मामांनी झाडाकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. “घेतो की. पर पावणं, मग ऱ्हातंय काय फोटूत?”

मित्राने शेवटी शेळ्यांसकट फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना दाखवला. मामांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली, मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या एका शेळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही गाभण हाय. कळतंय का ह्यात?”