राजदूत परत बोलावून काय साधतं?

सीमेवर काही घडलं की तासाभरात मागणी सुरू होते: राजदूताला परत बोलवा. स्टुडिओतले निवृत्त अधिकारी, संसदेतले विरोधक, चहाच्या टपरीवरची मंडळी, सगळ्यांचं यावर एकमत. जवान धारातीर्थी पडलेत आणि आपला माणूस तिकडे मेजवान्यांना जातोय, हा राग मला कळतो. पण हा उपाय आपण एकदा सलग पंधरा वर्षं करून पाहिलेला आहे. त्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही.

जुलै 1961 मध्ये चीनमधले भारताचे राजदूत जी. पार्थसारथी मायदेशी परतले. त्यांच्या जागी दिल्लीनं कुणालाच पाठवलं नाही. पुढच्या वर्षी चीननंही दिल्लीतला आपला राजदूत काढून नेला. दूतावास दोन्हीकडे चालू राहिले, सचिव होते, कारकून होते, झेंडा फडकत होता. नव्हता तो मुख्य माणूस. ती जागा भरली थेट जुलै 1976 मध्ये. मधल्या काळात 1962 चं युद्ध झालं, 1967 ला नथू ला आणि चो ला इथं तोफा धडाडल्या, 1971 ला बांगलादेश जन्माला आला. या सगळ्या काळात चीनच्या राजधानीत भारताचा राजदूत नव्हता.

राजदूत असता तर युद्ध टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. तिबेट, अक्साई चीन, दलाई लामांचं भारतात येणं, दिल्लीचा फाजील आत्मविश्वास आणि बीजिंगचा कावा, हे सगळं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतंच. माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या दारात आपला सर्वांत जाणता माणूस हवा. मित्राकडे एक वेळ नसला तरी चालेल.

तो माणूस तिथं बसून करतो काय? 1957 चं उदाहरण घ्या. अक्साई चीनमधून रस्ता पूर्ण झाल्याची बातमी त्या सप्टेंबरात चिनी वर्तमानपत्रात आली. आपल्या हद्दीतून परका रस्ता गेला, हे दिल्लीला ना टेहळणी पथकानं कळवलं, ना विमानानं. बीजिंगमधल्या आपल्या दूतावासानं छापील बातमी वाचून कळवलं. त्यावर दिल्लीनं काय केलं? पुढच्या उन्हाळ्यात दोन तुकड्या पाठवल्या, त्यातली एक चिन्यांनी पकडली, आणि निषेधाचं पत्र गेलं 18 ऑक्टोबर 1958 ला. वर्ष उलटून गेलं होतं. दूतावासानं आपलं काम केलं होतं, झोप दिल्लीची होती.

राजदूत पाठवला की भागलं, असंही नाही. त्याचं ऐकावं कधी आणि पारखावं कधी, याची अक्कल राजधानीकडे हवी. यासाठी के. एम. पणिक्कर यांच्याइतका मोठा धडा आपल्या इतिहासात दुसरा नाही. ते 1948 मध्ये नानजिंगला गेले तेव्हा चीनवर चँग कै शेक यांचं राज्य होतं. पुढच्या वर्षी कम्युनिस्ट सैन्य शहरात शिरलं, तरी पणिक्कर तिथंच थांबले. भारतानं नव्या सरकारला मान्यता दिली आणि मे 1950 मध्ये त्यांनी माओंच्या हाती अधिकारपत्रं दिली. एकाच माणसानं दोन चीन पाहिले. त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

2 ऑक्टोबर 1950 ची रात्र. पणिक्कर झोपले होते. नोकरानं उठवून सांगितलं, चिनी परराष्ट्र खात्याचा अधिकारी बैठकीच्या खोलीत थांबलाय, पंतप्रधानांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मध्यरात्र उलटून गेल्यावर पंतप्रधान चौ एन लाय त्यांच्यासमोर बसले आणि एकच गोष्ट सांगितली: अमेरिकी सैन्यानं कोरियात 38 वं अक्षवृत्त ओलांडलं तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी ते दिल्लीला कळवलं, दिल्लीनं लंडन आणि वॉशिंग्टनला. वॉशिंग्टननं मनावर घेतलं नाही. हा भारतीय राजदूत कम्युनिस्टांच्या बाजूचा, त्याच्या शब्दावर कशाला विसंबायचं, असं तिथं ठरलं. अमेरिकी सैन्य रेषेपलीकडे गेलं आणि 19 ऑक्टोबरला चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात उतरल्या. निरोप शब्दन् शब्द खरा होता. न ऐकल्याची किंमत हजारो सैनिकांनी मोजली.

आता दुसरी बाजू. त्याच महिन्यात चिनी सैन्य तिबेटमध्ये घुसलं. चीन तिबेटचा प्रश्न शांततेनं सोडवेल, अशी दिल्लीची समजूत होती, आणि ती घट्ट करण्यात पणिक्करांचा वाटा मोठा होता. सरदार पटेलांनी 7 नोव्हेंबर 1950 ला नेहरूंना जे पत्र लिहिलं, त्यात या राजदूतावरच बोट ठेवलं आहे. आपला राजदूत चिनी धोरणाचं समर्थन शोधण्यात फार कष्ट घेतोय, असा त्यांचा आक्षेप होता. सरदारांचं म्हणणं मला पटतं. पणिक्कर विद्वान होते, पण यजमानाच्या प्रेमात पडणं हा राजदूताला जडणारा सर्वांत वाईट रोग, आणि तो त्यांना जडला होता. एकाच महिन्यात एकच माणूस कोरियाबाबत अचूक ठरला आणि तिबेटबाबत दिल्लीला चुकीचं सांगून बसला. जिथं तो बरोबर होता तिथं त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि जिथं चुकला तिथं त्याच्यावर भरवसा ठेवला गेला. यावर उपाय राजदूत हटवण्याचा नाही. त्याच्या तारा डोळे उघडे ठेवून वाचणारे लोक राजधानीत बसवणं, हाच उपाय आहे.

न आवडणारं ऐकायची सवय आपल्याला तेव्हाही नव्हती. 16 मे 1959 ला दिल्लीतले चिनी राजदूत पान झ-ली यांनी परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त यांना एक निवेदन ऐकवलं. त्याचा आशय असा: आमचा खरा शत्रू पूर्वेला आहे, अमेरिका, भारताशी दुसरी आघाडी उघडण्याइतके आम्ही मूर्ख नाही, आणि तुम्हालाही दोन आघाड्या परवडणार नाहीत. दिल्ली खवळली, आणि हे बोलणं शिष्टाचाराला सोडून असल्याचं चीनला ठणकावण्यात आलं. बोलणं उद्धट होतंच. पण त्या उद्धटपणात पाकिस्तान आणि चीन एकत्र येण्याचा इशाराही होता. तो आज साठहून अधिक वर्षांनी आपले सेनाप्रमुख रोजच्या भाषेत मांडतात.

1962 च्या युद्धात बीजिंगमध्ये राजदूताच्या जागी आपले प्रभारी होते पी. के. बॅनर्जी. एकतर्फी युद्धबंदी जाहीर करण्याआधी चौ एन लाय यांनी त्यांना बोलावून सगळं सांगितलं. तरी दिल्लीतल्या काही बड्या मंत्र्यांना युद्धबंदी 21 नोव्हेंबरच्या सकाळी वर्तमानपत्रातून कळली, असं त्या काळावर लिहिणारे सांगतात. त्याच 21 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी घराघरात पाठ आहे. चव्हाणांचं चीनशी जोडलेलं दुसरं काम मात्र कुणाला आठवत नाही. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी 1967. बीजिंगमधल्या आपल्या दोन अधिकाऱ्यांवर, के. रघुनाथ आणि पी. विजय यांच्यावर, हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना हाकलण्यात आलं. विमानतळावर लाल रक्षकांनी त्यांना मारहाण केली. इकडे दिल्लीत चिडलेला जमाव चिनी दूतावासात घुसला. संबंध यापेक्षा खाली जाणं अवघड होतं. तरीही दोन्ही सरकारांनी दूतावासांना टाळं लावलं नाही, आणि त्यासाठी दोघांनाही शाबासकी द्यायला हवी.

त्याचं फळ तीन वर्षांनी दिसलं. 1 मे 1970, तिआनमेन चौकातला सज्जा. परदेशी दूत रांगेत उभे. प्रभारी असल्यामुळे प्रोटोकॉलप्रमाणे ब्रजेश मिश्रा सगळ्या राजदूतांच्या मागे. हस्तांदोलन करत माओ त्यांच्यापर्यंत आले, हसले आणि म्हणाले की भारत मोठा देश आहे, आपण असं किती दिवस भांडत बसणार? मिश्रांनी लगोलग दिल्लीला कळवलं, याकडे गांभीर्यानं बघा असं विनवलं. दिल्लीत मात्र माओंच्या हसण्यावर थट्टाच जास्त झाली. मग बांगलादेश आला, सोव्हिएत करार आला, आणि त्या निरोपाला उत्तर जायला आणखी सहा वर्षं गेली.

उत्तर देणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. एप्रिल 1976 मध्ये त्यांनी लोकसभेत जाहीर केलं की के. आर. नारायणन भारताचे राजदूत म्हणून चीनला जाणार. त्याच्या सहाच महिने आधी, ऑक्टोबर 1975 मध्ये, अरुणाचलच्या तुलुंग ला खिंडीत चिनी गोळीबारात आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले होते. आजच्या रिवाजानुसार तेव्हा राजदूताचं नाव काढणंसुद्धा देशद्रोह ठरला असता. युद्धाच्या शेवटच्या दिवशी संरक्षण खातं हाती घेणाऱ्या माणसानंच हा निर्णय संसदेत मांडला. त्याच्या देशभक्तीवर बोट ठेवायची कुणाची छाती होती? चव्हाणांचे पुतळे आपण गावोगावी उभारले. हा निर्णय मात्र एकाही शालेय पुस्तकात मला सापडला नाही.

मराठी वाचकाला चीन म्हटलं की सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला वसंत परांजपेही आठवायला हवेत. 1954 मध्ये नेहरू आणि माओ बोलत होते तेव्हा दुभाष्याचं काम या मराठी अधिकाऱ्यानं केलं. समोरचा काय म्हणतोय हे त्याच्याच भाषेत समजणारी माणसं दूतावासाला लागतात. अशी माणसं घडायला वीस-वीस वर्षं लागतात, आणि एका संतापाच्या भरात ती आपण घरी बोलावतो.

2017 च्या डोकलामचं बघा. 73 दिवस सैन्यं समोरासमोर उभी होती. बीजिंगमध्ये तेव्हा मँडरिन जाणणारे विजय गोखले राजदूत होते. तेव्हाही परत बोलवा, परत बोलवा असा ओरडा झाला. सरकारनं तो ऐकला नाही, चर्चा चालू ठेवली आणि ऑगस्ट संपता संपता सैन्यं मागे सरली. पुढे गोखले परराष्ट्र सचिव झाले. त्यांच्यामागून बीजिंगला गेले ते गौतम बंबावाले, पुण्याचे. गलवानमध्ये 20 जवान गेले तेव्हा तिथं विक्रम मिस्री होते. त्याही वेळी त्यांना परत न बोलावणं शहाणपणाचं होतं, हे मी ठामपणे म्हणतो. हेच मिस्री ऑक्टोबर 2024 मध्ये परराष्ट्र सचिव म्हणून पत्रकारांसमोर आले आणि गस्तीबाबतचा समझोता झाल्याचं त्यांनी सांगितलं.

चीननं मात्र ऑक्टोबर 2022 पासून मे 2024 पर्यंत दिल्लीतली आपली जागा दीड वर्षाहून जास्त रिकामी ठेवली. तो अपमान होता आणि तो दिल्लीला लागला. आपण बीजिंगमधला आपला राजदूत हलवला नाही, हे उत्तम केलं.

पाकिस्तानच्या बाबतीत हेच शहाणपण आपल्याला सुचत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये इस्लामाबादनं भारताचे उच्चायुक्त परत पाठवले, आणि तेव्हापासून दोन्ही राजधान्यांत प्रभारींवर कारभार चालला आहे. 2025 मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर माणसंच जवळपास निम्म्यावर आली. पाकिस्तान अण्वस्त्रं बाळगतो, दहशतवादी पोसतो, तिथं सत्ता लष्कराच्या हाती आहे. म्हणूनच तिथल्या सेनाधिकाऱ्यांच्या मनात काय शिजतंय ते रोज कळवणारा, उर्दू वर्तमानपत्रं वाचणारा, लाहोर-कराचीतली माणसं ओळखणारा आपला सर्वांत कसलेला अधिकारी इस्लामाबादेत बसायला हवा. पाकिस्तान मान्यता देईल की नाही हा त्याचा प्रश्न. दिल्लीनं नाव ठरवावं आणि प्रस्ताव पाठवावा.