सेवक हजर, सत्ता रजेवर

बडोद्याला सेवकांची वानवा कधीच नव्हती. २०१४ मध्ये या शहरानं ५ लाख ७० हजारांच्या फरकानं एक खासदार निवडून दिला. त्यांनी वाराणसी ठेवली, बडोदा सोडलं आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून स्वतःला प्रधान सेवक म्हणवून घेतलं. सेवक मिळाला, फक्त मतदारसंघ दुसरा निघाला.

आता गोत्री-अलकापुरीकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही मजल्यामजल्यावर एकेक सेवक बसतो. अजाइल पद्धतीनं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, काम चालतं ना! तिथं बॉस नसतो, सेवक-नेता असतो. हुकूम सोडत नाही, फक्त 'रिक्वेस्ट' करतो. रविवारी यायची.

कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थांची. उभी हयात एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत काढली, निवृत्त झाले आणि १९७० मध्ये निबंध लिहिला, की नेत्यानं आधी सेवा करावी. सुचलं केव्हाही असो, छापलं निवृत्तीनंतर. शहाणा माणूस.

मग २००१ च्या फेब्रुवारीत युटाच्या बर्फात सतरा जण जमले. अजाइलचा जाहीरनामा काढला: प्रक्रियेपेक्षा माणसं मोठी, कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं. त्यावर पुढे दोन दिवसांचे वर्ग निघाले, परीक्षा निघाल्या, प्रमाणपत्रं निघाली. कागद जिंकले.

स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत. तिच्या २०१७ च्या गाइडमध्ये टीमचा स्क्रम मास्टर हा सेवक-नेता होता. २०२० च्या आवृत्तीत तो 'सेवा करणारा खरा नेता' झाला. म्हणजे आधीचा खोटा होता का?

या सेवकाचं मुख्य काम काय, तर टीमच्या वाटेतले अडथळे दूर करणं. उत्तम. आता अडथळे बघा. क्लायंटनं शुक्रवारी संध्याकाळी फिरवलेली मागणी. कुणालाही न विचारता डायरेक्टरनं कबूल करून टाकलेली तारीख. महिनाभर मंजुरीत अडकलेला टेस्टिंगचा सर्व्हर. यातलं सेवकाच्या हातात काय आहे?

जिरा, म्हणजे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर.

मग बिचारा जमेल ती सेवा करतो. मीटिंग लावतो, स्टोरी पॉइंट मोजतो, पिझ्झा मागवतो. रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढाव्यात, मनातलं मोकळेपणानं पिवळ्या चिठ्ठीवर लिहायला सांगतो. पोरं लिहितात. पुढच्या रेट्रोला तेच लिहितात. अक्षर तेवढं सुधारतं.

काही कंपन्यांनी तर खर्च वाचवला. मॅनेजरलाच स्क्रम मास्टर केलं. रोज सकाळी पंधरा मिनिटं सेवा, मार्चमध्ये अप्रेजल. सेवकासमोर इतका विनय दुसरीकडे कुठे पाहिलाय?

२०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेनं अजाइलच्या कामाची अकराशेवर पदं एका फटक्यात रद्द केली. सेवकांचा अडथळा दूर झाला.

सेवाभावी नेता बडोद्यानं पाहिला नाही असं मात्र नाही. तो गादीवर बसला होता. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला. १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार आला. १८९३ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत केला. छोट्या जागी करून पाहिला, मग १९०६ मध्ये राज्यभर नेला. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड लावला. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये थेट अमेरिकेहून विल्यम बॉर्डन आणले, खेडोपाडी ग्रंथपेट्या फिरवल्या. जमलं. का जमलं? तिजोरीची किल्ली सेवेकऱ्याच्याच कमरेला होती.

पण थांबा, इतक्यात टाळ्या नकोत.

याच महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. करार असा, की शिकून आल्यावर संस्थानाची चाकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्यात आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नेमणूक झाली. राजाची मर्जी, विलायतेची विद्या, हातात नेमणुकीचा कागद. आणि कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत.

राहायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी पारशी मंडळी काठ्या घेऊन दारात आली. आठवड्याची मुदत मागितली, संध्याकाळपर्यंतचीच मिळाली; तोवर जागा मिळाली नाही. सरकारी बंगल्यासाठीचा अर्ज? मंत्र्यांकडे पडून होता. कामाठीबागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. राज्याचा धनी पाठीशी होता आणि एक खोली मिळत नव्हती.

स्क्रमवाले म्हणतात, टीमला मोकळं सोडा, ती स्वतःच स्वतःची घडी बसवते. खरं आहे. त्या कचेरीतली टीम पुरती स्वयंसंघटित होती. परिपत्रक निघालं नव्हतं, बैठक झाली नव्हती, तरी फाईल किती अंतरावरून फेकायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशी टीम असली की सेवकानं सेवा नेमकी कुणाची करायची? बहुमत घेतलं असतं तर टीम खूश होती. कामाची वेलॉसिटीही चांगली असणार.

हा प्रश्न दोन दिवसांच्या वर्गात येत नाही. तिथं टीम म्हणजे गुणी, समजूतदार माणसं. दुष्ट तो फक्त वरचा साहेब. बाजूच्या टेबलावरचा अडथळा कुणी शिकवलाच नाही, कारण त्याला वरच्याकडे एस्कलेट करता येत नाही. तो डबा खायला आपल्याच शेजारी बसतो.

नाही म्हणायला, शंभर वर्षांत बडोदा बदललं. आज नवा मुलगा नोकरीला लागतो, खोली शोधायला निघतो. घरमालक पहिल्यांदा आडनाव विचारतो, मग खाणं विचारतो. भाड्यापर्यंत गाडी आली तर नशीब. आठवडाभर वणवण करून पोरगा बैठकीला उशिरा पोचतो. कारण विचारलं तर सांगतो, 'ट्रॅफिक होतं.'

स्क्रम मास्टर रागावत नाही. सेवाभावानं त्याला टाइम मॅनेजमेंटच्या वेबिनारची लिंक पाठवतो.