रीस्टार्ट सर

जव्हार-मोखाड्यात ज्या ज्या संस्थेच्या कपाटावर लिनक्सचा सर्व्हर धूळ खात असतो, तिथून कधी ना कधी सरांना फोन जातो. हे सर शिकवत काहीच नाहीत. गळ्यात पेन ड्राइव्ह, सॅकमध्ये लॅनची वायर आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं, एवढ्यावर आपल्याकडे माणूस सर होतो.

"सर, सर्व्हर बंद पडलाय."

"लाइट गेली होती का?"

पावसाळ्यात जव्हारमध्ये या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सरांचा पहिला उपाय रीस्टार्ट. दुसराही रीस्टार्टच, फक्त बटण जास्त वेळ दाबून. लॉग वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. 'डिस्क भरली, लिहायला जागा नाही' असं जर्नलसीटीएल लाल अक्षरांत ओरडत असतं, सर म्हणतात, "व्हायरस असणार." गंमत म्हणजे डिस्क भरलेली असते लॉगनंच. न वाचलेला लॉग फुगत जातो आणि एक दिवस डेटाबेस खाली बसवतो. 'परवानगी नाही' दिसलं की सर फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन मोकळे. "दुर्गम भागात भेदभाव नको." मागच्या खेपेला 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून त्यांनी अपाची या वेब सर्व्हरशेजारी एनजिनएक्स हा दुसरा टाकला. आता दोघं ८० नंबरच्या पोर्टवरून भांडतात, आणि सर दोघांनाही रीस्टार्ट करतात.

पण खोडाळ्याहून फोन आला तरी हा माणूस भर पावसात निघतो आणि चहावर भागवतो. सिस्टिमसीटीएल स्टेटस पाठ असलेले शहरातले तज्ज्ञ एवढं करतील असं मला वाटत नाही.

परवा मात्र रीस्टार्टनं दाद दिली नाही. शेवटी ऑपरेटर ताईंनीच लॉग उघडला. 'सर्टिफिकेटची मुदत अजून सुरू झालेली नाही.'

"सर, सर्व्हरची तारीख बघा. २०१२!"

मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. लाइट गेली की घड्याळ मागे, आणि नेट नसल्यानं वेळ जुळवणार कोण?

"पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला," ताई म्हणाल्या. "म्हणजे याच्या हिशेबानं आपण अजून ठाणे जिल्ह्यातच."

सर गंभीर झाले. "तरीच! मग तक्रार ठाण्याला करा. हे आपल्या हद्दीत येतच नाही."