पंख्याखालची कॉट

मुंबईत मे महिन्यातही पारा 34 च्या आसपासच घुटमळतो, नागपुरात तो 44 ला भिडतो. हा हिशेब मांडून विदर्भातला मुलगा मुंबईच्या हॉस्टेलात आला, तर पहिल्याच रात्री त्याचा थर्मामीटरवरचा विश्वास उडतो. दोष थर्मामीटरचा नाही. त्याला घाम येत नाही, एवढंच. माणसाला गार वाटतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता आल्यामुळे नव्हे. नागपूरच्या कोरड्या हवेत तो झटकन वाळतो, आणि तिथे कूलरही इमानेइतबारे काम करतो. मुंबईच्या हवेत आधीच अर्धा समुद्र. तिथे तोच कूलर खोलीत पावसाळ्याची पूर्वतयारी करतो. अंगालगतची ओलसर हवा वाऱ्याने हलली, तरच घाम थोडाफार वाळायचा. म्हणून दमट गावातलं वसतिगृह किती अंशांना तापतं हे विचारू नये. कॉटवर वारा पोचतो का, हे विचारावं.

विद्यार्थ्यांना हे शास्त्र न शिकवता येतं. तिघांच्या खोलीत पंखा एक, आणि त्याखालची कॉट सीनियरची. ज्युनिअर कपाटाशेजारी निथळत पडतो. निवांत पडलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तिघांचे 300 वॅट झाले, बिलात न दिसणारे. वर गच्चीचा स्लॅब दिवसा घेतलेली उधारी रात्री अकराला व्याजासकट फेडत असतो. दारावरचा झरोका हवा खेळायला ठेवलेला, पण पॅसेजमधला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर पुठ्ठा चिकटवलेला. गंमत म्हणजे डेन्मार्कच्या पॉल ओले फँगर यांनी 1970 च्या पुस्तकात सुखद हवेचं जे गणित मांडलं, त्याला आधार होता बंद खोलीत बसवलेल्या अमेरिकन आणि डॅनिश कॉलेजकुमारांचा. त्या गणितावर जगभरची ऑफिसं गार झाली; कॉलेजकुमारांच्या वाट्याला मात्र तिघांत एक पंखा!

ज्येष्ठ म्हणतात, आमच्या वेळी पंखाही नव्हता, तरी शिकलोच. खरंय, पण डोक्यावर उंच कौलं होती, बाहेर व्हरांडा होता आणि खिडक्या समोरासमोर होत्या. ते पाडून स्लॅब घातला तो काही ज्युनिअरने नव्हे. दुसऱ्यांचं म्हणणं, एसी बसवा आणि विषय संपवा. एसी हवा कोरडीही करतो, हे मान्य. पण दीड टनाचा एक एसी जेवढी वीज ओढतो, तेवढीत नव्या बीएलडीसी जातीचे चाळीसेक पंखे फिरतात, आणि ते बिल शेवटी मेसच्या वरणात पाणी होऊन उतरतं. राहिले डास. जाळीने वारा थोडा अडतो हे खरं, पण बंद काचेइतका नाही. तेव्हा वसतिगृहं चालवणाऱ्यांना विनंती: दर्शनी भिंतीला रंग काढण्याआधी गच्चीला पांढरा चुना फासा, झरोक्यावरचा पुठ्ठा काढा आणि दर कॉटला एक पंखा द्या. एवढं करूनही उकडलं, तर एसीचं बोलू.